बत्तिसावी रेघ

माझी थोरली बहीण कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. जन्मभर टायपिंग शिकवल्यावर माणसाचं असं होत असावं. समोरचा कितीही रंगात येऊन बोलत असो, हिची नजर त्याच्या बोटांवर. मला लहानपणापासून याचा राग येतो, कारण मी बोलण्यात पटाईत आणि हातानं आळशी. ती मला छोट्या म्हणते. पाणीपुरवठा खात्यातून मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, तरी मी आपला छोट्याच.

तिचा क्लास एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना, त्यातली नववी पायरी पाय पडला की करकरायची. वर एकच लांबट खोली आणि रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या. सुरुवातीला तिथे बारा टाइपरायटर होते. खाली खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला छतातून टपटप ऐकू यायची, आणि नवखा असला तर तो छत्री उघडू का म्हणून विचारायचा. हा विनोद औषधवाला प्रत्येकाला सांगायचा.

ताईची शिकवायची एक पद्धत होती. प्रत्येक टेबलाला दोन काठ्या ठोकून त्यांच्यावर काळं कापड ताणलेलं असे. विद्यार्थ्यानं हात त्या कापडाखाली घालायचे. कुठली कळ कुठे आहे हे डोळ्यांनी शोधायचं नाही, बोटांनी लक्षात ठेवायचं. ताई मागून फिरायची, मधूनच वाकून कापडाची कड उचलायची आणि कुणाचं कुठलं बोट चुकतंय ते बघायची. "डोळे मदतीला आले की बोटं लाडावतात," म्हणायची.

कॉम्प्युटर आले तेव्हा गावातले टायपिंगचे क्लास एकामागून एक बंद पडले. ताईनं आठ टाइपरायटर विकले, दोन कॉम्प्युटर घेतले, आणि स्वतः एका कॉलेजच्या पोरांबरोबर बाकावर बसून ते शिकून आली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. हळूहळू दोनाचे सहा झाले. टेबलं तीच, काठ्या त्याच, कापडही तेच. तिच्याकडे येणारी माणसंही वेगळी होती. दुकानात बिलं करणाऱ्या बायका, नोकरी सुटलेला एक कंडक्टर, दवाखान्यातली नर्स, आणि समोरच्या गल्लीतली शिंपीणकाकू. या काकूंची मुलगी लग्न होऊन लांबच्या देशात गेली होती. तिची पत्रं आता इंटरनेटवर येत होती, म्हणून काकू वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कापडाखाली हात घालून बसल्या होत्या.

त्या काळात इंटरनेटवरची पानं बघायला एक वेगळा प्रोग्रॅम लागायचा. ब्राउझर. तो कॉम्प्युटरबरोबर येत नसे, मागाहून आणून घालावा लागे. एका लहानशा नव्या कंपनीनं तो बनवला होता आणि ताईचा त्याच्यावर जीव जडला. पान कसं सावकाश पण नीट उघडतं, चुकलं तर मागे कसं जाता येतं, हे ती मला एखाद्या गुणी विद्यार्थिनीचं कौतुक करावं तसं सांगायची. ती कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा ताई, जिनं आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीटसुद्धा घेतलं नव्हतं, पर्स काखेत मारून शेअर दलालाकडे गेली आणि होती नव्हती ती शिल्लक तिच्यात घालून आली.

"अगं, पण कुणाला विचारलंस?" मी म्हटलं.

"कुणाला विचारू? मी रोज वापरते. चांगलं आहे."

मी तिला वेड्यात काढलं. आणि पुढच्याच आठवड्यात, तिच्या नकळत, माझ्या फंडातले पैसे काढून मीही तेच शेअर घेतले. हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

शेअर चढले. दीड वर्षात तिपटीनं चढले. आणि नेमका तेव्हाच औषधवाला एके दिवशी जिना चढून वर आला. तो कधी वर येत नसे, त्यामुळे नववी पायरी करकरल्यावर ताईला वाटलं नवीन विद्यार्थी आला. तो म्हणाला, "बाई, वरचा मजला विकायला काढतोय. गिऱ्हाईक आहे. पण तेवीस वर्षं तुम्ही इथे आहात, पहिला हक्क तुमचा. सहा महिने थांबतो. त्यापुढे मात्र माझा नाइलाज आहे."

त्यानं सांगितलेली किंमत आणि ताईच्या शेअरची त्या दिवशीची किंमत जवळजवळ सारखी होती. दुसरीकडे जागा बघायला आम्ही दोघं फिरलो. त्या रस्त्यावर दुप्पट भाडं, आणि रस्ता सोडला तर विद्यार्थी सुटणार. दुपारच्या तासाभराच्या सुटीत धावत येणारी दुकानातली बाई दोन बस बदलून कशाला येईल? खोली गेली तर क्लास गेला, हे ताईला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "थोडं थांबू. अजून जरा वाढले की खिडक्यांची दुरुस्तीपण त्यात बसेल."

आणि महिन्याभरात ती बातमी आली. जिची ऑपरेटिंग सिस्टीम झाडून सगळ्या कॉम्प्युटरांत असते, त्या मोठ्या कंपनीनं जाहीर केलं की यापुढे ब्राउझर आम्ही आमच्या सिस्टीमच्या आतच बसवून देऊ. वेगळे पैसे नाहीत, वेगळं आणायला नको. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे ताई नव्या माणसाला एका वाक्यात सांगायची. यंत्राची जमीन, भिंती आणि छप्पर. बाकीचं सगळं सामान.

लहान कंपनीचा शेअर एका दिवसात गडगडला, मग थोडा सावरला. मी ताईला घेऊन दलालाच्या ऑफिसात गेलो. तिथे दुपारी एक मंडळ जमायचं. भिंतीला लागून बाक, कोपऱ्यात भाव दाखवणारा टीव्ही, आणि दलालाच्या टेबलावर चहाच्या कपांचे गोल गोल डाग. बाकावर दातांचे डॉक्टर होते. ते दोन पेशंटच्या मधल्या वेळात येत, आणि भाव पडले की मागच्या पेशंटला बराच वेळ तोंड उघडून बसावं लागे म्हणतात.

"काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "फुकट मिळतं त्याची माणसाला किंमत नसते. मी पेशंटना फुकट ब्रश देतो, एकजण वापरत असेल तर शपथ."

"शिवाय हे प्रकरण कोर्टात जाणार," दलाल म्हणाला. "एवढ्या मोठ्या कंपनीला असं सगळं घशात घालता येत नाही. धरून ठेवा, बाई. पडल्यात विकतात ती घाबरट माणसं."

मीही माझं मत दिलं. माझं काय मत होतं ते आता आठवत नाही, पण मी ते बराच वेळ दिलं. लोक चांगली वस्तू ओळखतात, असं काहीतरी होतं त्यात.

ताई आमचे हात बघत बसली होती. मग तिनं विचारलं, "तुमच्यापैकी ब्राउझर कुणी उघडलाय?"

दलाल चहा ढवळायला लागला. चहा कधीच संपला होता.

"आमचा कंपाउंडर उघडतो," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी चिडलो. एवढी अनुभवी माणसं, त्यांना असं तोंडावर कुणी विचारतं का? ताई म्हणाली, "अरे, चिडतोस काय? मलाही तेच ऐकायला आवडलं. म्हणून तर भीती वाटते."

त्यानंतर क्लासमध्ये सातवा कॉम्प्युटर आला. नवी सिस्टीम, आणि तिच्या आत मोठ्या कंपनीचा तो ब्राउझर बसवलेला. ताईच्या कपाळावर आठी. तिनं ठरवलं की तो काढून टाकायचा. आपल्या क्लासमध्ये आपलाच ब्राउझर शिकवायचा. रविवारी सकाळी तिनं क्लास उघडला, पदर खोचला आणि कामाला लागली. मी डबा घेऊन गेलो तर बाई जमिनीवर कागद पसरून बसलेली, कुठली फाइल पुसली त्याची यादी करत. दुपारपर्यंत तिनं त्या ब्राउझरचा मागमूस ठेवला नाही.

मग तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि स्वतःची साधी कागदपत्रं असलेला कप्पा उघडायला गेली. कप्पा उघडेना. मदतीचं पान उघडेना. घड्याळ तेवढं चालत होतं.

सोमवारी मेकॅनिक आला. त्यानं दोन-चार बटणं दाबली आणि हसू दाबत विचारलं, "बाई, काय केलंत हे?"

"नको होतं ते काढलं."

"ते काढायचं नसतं. हे टेबलखुर्चीसारखं नाही आता, उचललं आणि बाहेर ठेवलं. हे भिंतीत आहे. तुम्ही कोनाडा काढायला गेलात आणि भिंत पाडलीत."

त्यानं सगळं पुसून सिस्टीम नव्यानं घातली. त्यात त्याचा दिवस गेला आणि ताईचा अख्खा आठवडा तोंडात मारल्यासारखा गेला. मी थोडी चेष्टा केली. ती हसली नाही. म्हणाली, "छोट्या, मी तेवीस वर्षं सांगते की डोळ्यांवर विसंबू नका. आणि मी स्वतः काय करतेय? मला जे आवडतं तेच बघतेय."

दुसऱ्या दिवशी तिनं एक शाळेची वही घेतली. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं 'आणलेला', दुसऱ्यावर 'आतला'. बाकीच्या सहांवरही मेकॅनिककडून नवी सिस्टीम घालून घेतली आणि सातही कॉम्प्युटरवर दोन्ही ब्राउझरची चित्रं पडद्यावर ठेवली. आणि मग दोन आठवडे तिनं एकेका विद्यार्थ्याला बसवून एवढंच सांगितलं, "आजची बातमी काढून दाखवा." कुठल्या ब्राउझरमधून, ते सांगितलं नाही. मागे उभी राहून तिनं फक्त हात बघितला, आणि ज्याच्यावर तो गेला त्या रकान्यात एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, नर्स, कंडक्टर, बूटवाल्याची सून.

काम झाल्यावर ती विचारायची, "दोन्हीतला चांगला कुठला?" बहुतेक सगळे म्हणाले, तुम्ही शिकवलात तो. तिनंच तर शिकवलं होतं. पण हात? मोठ्या कंपनीचं चित्र पडद्यावर आधीपासून होतं, वरच्या कोपऱ्यात, जिथे हात आपोआप जातो तिथे. आणि हात तिथेच जात होते.

शिंपीणकाकूंची पाळी आली तेव्हा मी तिथेच होतो. काकूंनी सरळ आतल्यावर बोट ठेवलं. ताईच्यानं राहवलं नाही. ती म्हणाली, "काकू, आपण तर दुसरा शिकलो होतो."

"हो, तो चांगलाच होता की," काकू म्हणाल्या. "पण बाई, मला माझ्या मुलीचं पत्र बघायचंय. दार कुणाच्या कंपनीचं आहे हे मी कशाला बघू? जे समोर असेल त्यातून आत जायचं."

ताईनं वहीत रेघ मारली. आम्हा बोलक्या माणसांच्या मंडळात जे महिनाभर कुणाला सांगता आलं नाही ते या बाईनं अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं, आणि तोवर तिनं मुलीचं पत्र उघडूनही वाचायला घेतलं होतं.

क्लासचे एकूण विद्यार्थी एकतीस. आणलेल्यावर चार रेघा, आतल्यावर सत्तावीस. दोन आठवड्यांनी मी वही चाळली तर आतल्याच्या रकान्यात अठ्ठावीस मोजल्या. बत्तिसाव्या रेघेपुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"ही कुणाची?"

ताईनं वही मिटली. "आहे एकाची."

दुसऱ्या दिवशी ती दलालाकडे गेली आणि सगळे शेअर विकून आली. मोठ्या कंपनीचे घ्या म्हणून दलाल मागे लागला, तर म्हणाली, "मला खोली घ्यायचीय." पडल्यानंतर शेअर बराचसा सावरला होता, त्यामुळे खोलीपुरते पैसे जेमतेम झाले, खिडक्यांचे झाले नाहीत. मंडळात तिची भरपूर चेष्टा झाली. डॉक्टर म्हणाले की बाईमाणूस म्हटल्यावर असं व्हायचंच. मी तिथे बसलो होतो आणि गप्प बसलो. याची मला अजून लाज वाटते.

तिनं विकले आणि शेअर वर जायला लागला. एक आठवडा, दोन, तीन. कोर्टातून काहीतरी चांगली बातमी आली म्हणे. रोज दुपारी मंडळात भाव ऐकायचा आणि संध्याकाळी ताईला सांगायचा हा माझा नियम झाला. आज एवढा. आज एवढा. चांगुलपणानं नाही सांगत होतो, हेही कबूल करतो. माझे शेअर अजून माझ्याकडे होते आणि मला मनातून हुशार असल्यासारखं वाटत होतं. ती ऐकून घ्यायची आणि कापडाची कड उचलून कुणाचं तरी बोट सरळ करायची.

पाचव्या महिन्यात खरेदीच्या कागदावर सह्या झाल्या. औषधवाल्यानं सही केली, ताईनं केली, साक्षीदार म्हणून मी केली. औषधवाल्याचे डोळे जरा ओले झाले. म्हणाला, "आता टपटप माझ्या डोक्यावर हक्कानं करा." आम्ही दोघं जिना चढायला लागलो. त्या दिवशी शेअर आजवरच्या सगळ्यात वरच्या भावाला होता. माझ्या तोंडाला काही बांध नाहीच.

"ताई, आज विकले असतेस तर खिडक्या, रंग, वर दोन नवे कॉम्प्युटर. थोडा दम धरला असतास तर."

नववी पायरी करकरली आणि ती तिथेच थांबली. धाप लागली होती. कठड्याला धरून म्हणाली, "ती बत्तिसावी रेघ कुणाची विचारत होतास ना? माझी."

मी खालच्या पायरीवर थांबलो.

"एका दुपारी शेअरचा भाव बघायला बसले होते," ती म्हणाली. "घाईत होते, पुढची बॅच यायची होती. भाव बघितला, आणि मग लक्षात आलं, मी तो आतल्यातून बघितला होता. कधी बोट गेलं ते कळलंसुद्धा नाही. अरे, त्या कंपनीसाठी मी माझी खोली पणाला लावली, एक अख्खा कॉम्प्युटर मोडून ठेवला. माझ्याइतकं तिच्यावर कुणाचं प्रेम असणार? आणि माझाच हात तिच्याकडे गेला नाही. मग बाकीच्यांचा कशाला जाईल?"

ती हे हसत सांगत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. मला तिच्याबद्दल माया वाटली, आणि तिच्यापुढे मी स्वतःलाच फार लहान वाटलो, नावाप्रमाणेच. आम्ही सगळे दुसऱ्यांच्या मनात काय आहे यावर वाद घालत बसलो होतो. हिनं स्वतःची चूक उघड्या डोळ्यांनी बघितली, वहीत तिची रेघ मारली आणि त्या रेघेचं ऐकलं.

"बरं," ती डोळे पुसून म्हणाली, "आता तू तुझे कधी विकतोस?"

"माझे कसले?"

"छोट्या, शेअर चढला की तुझी बोटं टेबलावर ताल धरतात. पडतो त्या दिवशी मुठीत जातात. दोन वर्षं बघतेय मी."

मी दोन्ही हात खिशात घातले. ती पर्समधून किल्ली काढून उरलेल्या पायऱ्या चढली. तेवीस वर्षं तीच किल्ली होती, पण त्या दिवशी तिनं कुलूप काढून दार उघडलं आणि उंबऱ्यावर क्षणभर उभी राहून आतली सात टेबलं बघितली. दुपारच्या बॅचची माणसं जिन्याखाली जमायला लागली होती. शिंपीणकाकू माझ्या बाजूनं वर गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "सरका जरा. मुलीनं नातवाचा फोटो पाठवलाय."

पुढे त्या लहान कंपनीचं काय झालं ते सांगायला हवं. त्या हिवाळ्यात शेअर घसरायला लागला तो थांबलाच नाही. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी ती कंपनी विकत घेतली आणि तिचं नाव पुसलं गेलं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत धरून ठेवले होते. पण जाण्याआधी त्या कंपनीच्या लोकांनी आपल्या ब्राउझरचं सगळं आतलं काम जगाला खुलं करून टाकलं, ज्याला हवं त्यानं घ्यावं आणि पुढे न्यावं म्हणून. काही वर्षांनी त्यातूनच कुणीतरी नवा ब्राउझर केला. ताईनं तो ज्या दिवशी सातही यंत्रांवर घातला त्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावून दाखवला. शेअर मात्र कुणाचेच घेतले नाहीत. वही काढली आणि म्हणाली, "बघू आता हात काय म्हणतात."

पण तो पुढचा भाग. त्या दिवशी मी जिन्यातच उभा होतो. वरून कळांचा आवाज सुरू झाला. एक सराईत, एक अडखळत, आणि एक अगदी सावकाश, एकेक बोट शोधत जाणारा, तो काकूंचा. मी जिना उतरलो आणि सरळ दलालाच्या ऑफिसात गेलो.

मंडळ भरलं होतं. टीव्हीवर भाव चढताना दिसत होता. "काय हेडक्लार्क," दलाल म्हणाला, "आज तर तुमचा चेहरा सांगतोय, अजून घ्यायचेत."

मी खिशातून हात बाहेर काढले आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवले. बोटं मुठीत गेली होती. म्हटलं, "चेहऱ्याचं जाऊ द्या. सगळे विका."